ठंडी अलमारी आणि फागूकाकाचं छप्पर

पतिरामनं मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला माझं तोंड दिसलंच नाही. ते मालकिणीच्या ठंड्या अलमारीत होतं.

अडतीस सालचा वैशाख होता. अर्जुनीत दुपारी कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करायची. माझे बाबा, बिसराम, मुन्नालाल ठेकेदारांकडे चौकीदार होते. आई गेल्यापासून आम्ही दोघं त्यांच्या परसातल्या खोलीत राहायचो आणि मी निर्मलाबाईंच्या हाताखाली घरकाम करायची. गोंदियाहून कलकत्त्याला बदली झालेल्या एका रेल्वेच्या साहेबाकडून ठेकेदारांनी ती अलमारी घेतली होती. खाली रॉकेलची बत्ती पेटवायची आणि वर बर्फ जमायचा! आख्खं गाव बघून गेलं. बाबा पहिले आठ दिवस येता-जाता तिला हात जोडायचे.

मालकीण झोपली की मी हळूच दार उघडायची, आत डोकं घालायची, वीसपर्यंत मोजायची आणि मुकाट्यानं दार लावायची. त्या दिवशी सतरा झाले असतील... आणि मागून आवाज आला.

"बाहेर निंगा बाई. जमून जासान."

मी अशी दचकले की डोकं तेवढं बाहेर काढलं आणि दार धाडकन लावलं. वेणी आतच राहिली.

समोर एक उंच, सावळा पोरगा उभा. खांद्याला झोळी, कपाळावर घाम, आणि ओठ असे घट्ट मिटलेले की हसू आतल्या आत मावत नव्हतं. मी वेणी ओढायला गेले तर म्हणाला, "हालू नोका." पुढे आला, दोन बोटांनी वेणी धरली आणि हळूच ओढली. सगळी वेणी सुरकन बाहेर आली. त्याचं हसू गेलं, कपाळाला आठी पडली.

"अशी निंगाले नाही पाहिजे. रबर गेलं याचं."

"आन् रबर चांगलं असतं त्?"

"त् तुमी सांजपर्यंत अठीच राहिल्या असत्या," तो म्हणाला. "...मीबी."

शेवटचा शब्द तो इतका हळू बोलला की मी ऐकलाच नाही असं दाखवता आलं. पण ऐकला होता.

हा पतिराम. साहेबाच्या बंगल्यात याच अलमारीची बत्ती त्यानं चार वर्षं सांभाळली होती. साहेब गेला आणि हा आपल्या मुलखात परतला; आता आठवडी बाजारांत गॅसबत्त्या आणि स्टोव्ह दुरुस्त करत फिरायचा. अलमारीला रॉकेल फार लागतं, दूध नासतं, पाणी गळतं, अशी निर्मलाबाईंची रोजची कुरकुर ऐकून ठेकेदारांनी त्याला बोलावून घेतलं होतं. त्यानं जुनी ओळख असल्यासारखा अलमारीच्या दारावरून हात फिरवला, आणि मला — खरं सांगते — त्या लोखंडी अलमारीचा हेवा वाटला.

आधीच सांगून ठेवते, मी जळकी आहे. लहानपणी आईनं शेजारच्या पोरीच्या डोक्याला तेल लावलं तरी मला ताप भरायचा.

मालकीण उठली. "कितने दिन का काम है रे?" तिनं विचारलं. "आजच होते बाई," तो म्हणाला, आणि माझं मन का कोण जाणे खट्टू झालं.

त्यानं दाराच्या कडेची पट्टी पेचकसानं सोडवली. आतलं रबर वाळून तडकलं होतं, बोट लावलं की भुगा पडायचा. "हे असं झालं की दार लागल्यासारखं दिसते, पन लागत नाही," तो सांगत होता. "भायेरची गरमी आत जाते, आतली थंडी भायेर. मंग बत्ती बिचारी रात्रंदिवस जळते." त्यानं झोळीतून सायकलची ट्यूब काढली, लांब पट्ट्या कापल्या, त्या पट्ट्यांत सावरीचा कापूस भरून त्यांची गुंडाळी केली. चिकटवायला लाख आणि मोहळाचं मेण. मी शेगडीला वारा घालत होते, तो वाटीत लाख वितळवत होता. धूर माझ्याच डोळ्यांत जायचा आणि तो मुद्दाम शेगडी फिरवायचा... माझ्या डोळ्यांतला धूर त्याच्या डोळ्यांत जावा म्हणून.

"साहेबाच्या बंगल्यात पोरी होत्या का कामाले?" मी विचारलं.

"होती एक."

"दिसाले कशी?"

"साठ वरसांची. दात नव्हते."

मला हसू फुटलं आणि त्या भरात नको ते विचारून बसले. "तुमचे देव किती?"

आम्हा गोंडांत हा प्रश्न कुणी सहज विचारत नाही. देवांची संख्या सारखी निघाली की दोघं भाऊबहीण. वेगळी निघाली तर लग्न जमू शकतं. तरण्या पोरीनं तरण्या पोराला देव विचारायचे म्हणजे... आता काय सांगू! माझे कान तापले. तो मात्र खाली मान घालून लाख ढवळत राहिला.

"सात," तो म्हणाला. "तुमचे?"

"सहा."



संध्याकाळी काम झालं. त्यानं मला बोलावलं, वेणीचं टोक दारात ठेवायला सांगितलं आणि दार लावलं. मी ओढली. हलली नाही. पुन्हा ओढली. तो दाराला टेकून उभा होता, मी वेणीनं बांधलेली, आणि आमच्यामध्ये हातभरसुद्धा जागा नव्हती. त्याच्या अंगाला लाखेचा वास येत होता. "आता पक्कं झालं," तो म्हणाला. "पाच वर्सं पाहाले नाही लागत." आणि दार उघडून, झोळी उचलून चालता झाला.

पाच वर्षं!

मी आठ दिवस कळ काढली. नवव्या दिवशी दुपारी केसातला आकडा काढला आणि दाराच्या खालच्या कोपऱ्यातली लाख खरवडून टाकली. वीतभर रबर लोंबायला लागलं. संध्याकाळी निर्मलाबाई ओरडल्या, "अगं दुर्पता, हे काय? उस लडके को बुलाओ!" मी तर पळतच निरोप द्यायला गेले.

तो आला, कोपरा बघितला, त्यावरून बोट फिरवलं. "लाख संपली. सामान घेऊन येतो," म्हणाला आणि गेला. तीन दिवसांनी परत आला, अर्ध्या घटकेत रबर चिकटवलं, पण त्या अर्ध्या घटकेत आम्ही किती बोललो! त्याला आंबाडीची भाजी आवडते, पाण्यात पोहता येत नाही, आणि त्याला माझ्यासारखंच आई नाही, हे सगळं मला कळलं. जाताना म्हणाला, "आता सांभारून." मी म्हटलं, "मी का करू? अलमारीच तशी आहे."

सहा दिवसांनी मी वरचा कोपरा खरवडला.

या खेपेला त्याला चार दिवस लागले. आला तेव्हा तळहाताला फोड होते, खांदे भाजल्यासारखे काळे पडले होते. मी विचारलं, तर म्हणाला, "ऊन लय आहे." मला भाबडीला वाटलं, बाजार फिरून दमला असेल. मी त्याला अलमारीतलं लिंबूपाणी चोरून दिलं. मालकिणीच्या पेल्यात.

आणि दुसऱ्याच दिवशी विहिरीवर सावित्रीबाईनं घागर भरता भरता बातमी सांगितली. "आयकलं का वं? फागूच्या घरी लमझना आला. झोळीवाला पोरगा आहे, बत्त्या सुधारते तो."

माझ्या हातून दोर सुटला. घागर विहिरीत गेली.

लमझना म्हणजे घरी राबणारा होणारा जावई. आमच्यात ज्या पोराकडे लग्नासाठी द्यायला काही नसतं, तो पोरीच्या बापाघरी येऊन राहतो, दोन-तीन वर्षं त्याच्या शेतात, घरात कष्ट करतो आणि मग त्याचं त्या पोरीशी लग्न लागतं. फागूकाकाला मुलगा नव्हता. एकच मुलगी, फुलवंता. फागूकाका आमच्याच सहा देवांतला, म्हणजे फुलवंता मला बहीण लागायची. तिचे केस माझ्यापेक्षा लांब होते, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

पत्रावळीची पानं आणायच्या बहाण्यानं मी टोल्यावर, गावाबाहेरच्या आमच्या गोंडवस्तीत, गेले. फागूकाकाचं छप्पर अर्धं उघडं होतं. पावसाआधी कवेलू, म्हणजे छपरावरची कौलं, उतरवून, फुटके बदलून परत बसवायचे, तेच काम चाललं होतं. आणि पतिराम वर बसला होता! फुलवंता शिडीवर चढून एकेक कवेलू त्याच्या हातात देत होती. मग तिनं गडव्यातून त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. काहीतरी बोलली. तो हसला.

त्या हसण्यावर माझा हक्क आहे, असं मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. तरी मला वाटलं, माझ्या घरातलं भांडं कुणी तरी उचलून नेलं. मी पानं न घेताच परतले. रस्ताभर फुलवंतेला शिव्या दिल्या, मग त्याला, मग त्याच्या सातही देवांना. घरी आले, अलमारीचं दार उघडलं आणि चारही बाजूंचं रबर ओरबाडून काढलं. या वेळी त्याला बोलवायला नाही. नुसत्या रागानं.

मालकिणीनं निरोप धाडला तसा तो आला, दारासमोर उकिडवा बसला.

"लयच फाटलं या खेपेले."

"फाटनारच. मान्सं एका जागी टिकत नाहीत, रबर काय टिकीन?"

"कोनतं मानूस?"

"मले का मालूम! टोल्यातल्या लोकाईले इचारा."

त्यानं लोंबणारी पट्टी हातात घेतली, उलटसुलट बघितली. "कोनं केलं असन?"

"उंदीर असन."

"हो," तो गंभीरपणे म्हणाला, "लय रागीट उंदीर आहे." मग उठला. "चार दिस लागतीन. जास्त लाख पाहिजे."

"चार काऊन, चाळीस लावा! अठी कोनाले घाई आहे?"

तो उंबऱ्यात थांबला. वळून पाहिलं... मला वाटलं आता बोलेल, काहीतरी बोलेल. पण मी तोंड फिरवून भांडी आपटायला लागले होते. तो गेला, आणि मी राखेत रडत भांडी घासली.

चौथ्या दिवशी सकाळी फुलवंता पानांचे गठ्ठे घेऊन निर्मलाबाईंकडे आली. ओसरीतल्या अलमारीचं उघडंनागडं दार बघून तिनं कपाळावर हात मारला.

"हेच का ते रबर? किती खेपा फाटते वं तुया मालकिणीचं?"

"तुले का करायचं?" मी फणकारले.

"मले नाही त् कोनाले? याच्यापायीच त् तो आमच्या घरी मरून राहिला! बाबाची सगळी लाख गोंदियाच्या व्यापाऱ्याले कबूल आहे. बाबा म्हने, इकत नाही देत, माया छपरावर राब आन् मूठभर घेऊन जा. एका दिसाची एक मूठ. पहिल्या खेपेले तीन दिस, मंग चार, त्यातला एक लाख नेल्यावर फेडला, आता चार."

 माझ्या पायाखालची जमीन नाही, माझीच अक्कल सरकली होती. मी आकड्यानं लाख खरवडली की तो माझ्याकडे येईल म्हणून बसले होते, आणि दर खेपेला मीच त्याला हात धरून फुलवंतेच्या घरी पोचवत होते.

"आन्... तू हसत होती त्याच्यासंग," मी कशीबशी बोलले.

"मी त् बैलासंगबी हसतो," फुलवंता म्हणाली. मग जवळ आली, तिचा आवाज उतरला. "पन बाबानं मनात घेतलं आहे. आज टिकारामबाबाले आन् सयान्यांले बलावलं. अकरा दिस पोरगा घरात जेवला, राबला, लोकं लमझना म्हनून राहिले. आता नाही म्हनला त् माया नाव खराब होते. तो गप बसला आहे. रबर घडीघडी कायले फाटते सांग म्हनलं, त् सांगत नाही. मले त् तो नाही पाहिजे वं, पन मले कोन इचारते?"

ती पुढं काय बोलली ते मी ऐकलं नाही. मी धावत सुटले होते. निर्मलाबाई मागून ओरडल्या, "दुर्पता! अरे कहाँ भागी ये लडकी?" माझा पदर कुठं, पाय कुठं, काही भान नव्हतं. एकच ठोका डोक्यात पडत होता — सयान्यांचा, वस्तीतल्या जाणत्यांचा, शब्द निघाला की संपलं. मग त्याला जन्मभर त्या छपराखाली बघावं लागेल, आणि लग्नात पाहुण्यांना पानं वाढावी लागतील, ती मलाच.

फागूकाकाच्या अंगणात चार-पाच म्हातारे खाटेवर बसले होते. मधोमध टिकारामबाबा, त्या सगळ्यांत वडील. पतिराम खाली मान घालून उभा.

"थांबा!" मी ओरडले. "तो लमझना नाही! रबर मीनं फाडलं!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. टिकारामबाबांनी कानामागे हात धरला. "काय फाडलं?"

"अलमारीचं रबर. तीन खेपा. तो लाखेसाठी अठी राबत होता, आन् लाख लागत होती माया पायी. फुलवंताचा काही संबंध नाही. तिचं नाव कोनी घेऊ नका."

"पन पोरी," म्हातारा शांतपणे म्हणाला, "चांगल्या घरचं चांगलं रबर फाडाचं कायले?"

आता इथं खोटं बोलायला जागाच नव्हती. फागूकाका डोळे वटारून बघत होता आणि पतिरामनं पहिल्यांदाच मान वर केली होती.

"हा पाहिजे होता म्हनून," मी म्हणाले. "रबर पक्कं असलं त् हा येत नाही."

 टिकारामबाबांचे खांदे हलायला लागले, आणि ते असे हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली. फुलवंता मागून धापा टाकत पोचली होती, तीही हसत सुटली.

"तुले मालूम होतं का रे?" टिकारामबाबांनी पतिरामला विचारलं.

"पहिल्याच खेपेले," तो म्हणाला. "आकड्याचे ओरखडे दिसत होते."

मी फिरले त्याच्यावर. "मालूम होतं? मंग बोलला काऊन नाही?"

"बोललो असतो त् तू फाडनं बंद केलं असतं."

हे बोलताना तो माझ्याकडे बघत होता, सरळ. त्या नजरेनं माझा सगळा राग विरघळला, आणि त्याच्या हातावरचे फोड आठवून माझे डोळे भरून आले. माझ्या एका आकड्यासाठी तो अकरा दिवस उन्हात भाजला होता, आणि आताही माझं नाव मालकिणीच्या कानी जाऊ नये म्हणून फुलवंतेशी बांधला जायच्या बेतात होता. वेडा कुठला!

"देव?" टिकारामबाबांनी विचारलं.

"सात," तो म्हणाला. "सहा," मी म्हणाले. आम्ही एकदमच बोललो.

"मंग जमते," म्हातारा म्हणाला.

"आन् माया छपराचं?" फागूकाका भडकला. "अर्धं उघडं आहे. पानी आलं त् मी कोठी जाऊ?"

"पुरं करून देतो काका," पतिराम म्हणाला.

"मीबी येते," मी लगेच म्हणाले. "कवेलू मी देईन." फुलवंतेनं डोळे मिचकावले. "बाई, आता त् तो माया भाटवा झाला, बहिनीचा नवरा. आता त् मी हक्कानं मस्करी करीन!" ती हसली आणि मी मुकाट्यानं तिच्या नि त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

तेवढ्यात कुणीतरी वर्दी दिल्यामुळं माझे बाबा येऊन पोचले. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. अलमारीचं रबर फाडल्याचं ऐकून त्यांचा चेहरा पडला.  मग पतिरामला म्हणाले, "माया जवळ जमीन नाही बाबू. चौकीदारी आहे, एक खोली आहे. तरी रीत ते रीत. लमझना राहाचं त् माया घरी राहशील का?"

"राहीन."

"किती वर्सं?"

पतिराम माझ्याकडे बघायला लागला. माझ्या आत मात्र ते अकरा दिवस अजून खदखदत होते, ते छप्पर, तो गडवा, ते हसणं.

"फागूकाकाकडं अकरा दिस राबला," मी म्हणाले. "आमच्याकडं अकरा वर्सं."

सयाने चमकले. बाबांनी आ वासला. मला वाटलं, आता हा घासाघीस करील, हात जोडील, निदान हसेल तरी.

"राहीन," पतिराम म्हणाला. "अकरा त् अकरा."

तो थट्टा करत नव्हता. त्याच्या डोळ्यांत मला ते दिसलं. हा माणूस खरंच अकरा वर्षं राबला असता, एका अंगणात, एका हाताच्या अंतरावर, मला बोटही न लावता. अकरा वर्षं! माझा हेवा जिथल्या तिथं गार पडला.

"...तीन पुरे," मी म्हणाले.

"अकरा बोलली ना?" तो म्हणाला. "माया शब्द देऊन झाला."

"एक. एकच वरस."

"दुर्पता," बाबा कळवळून म्हणाले, "अवं, कमी करनं पोराच्या बाजूचं काम असते! तू पोरीची बाजू आहेस!"

मी पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि सगळ्या सयान्यांसमोर माझा शेवटचा भाव सांगितला.

"होळीपर्यंत. त्याच्यावर एक दिस नाही."